कुरवंड्याचा दगड आणि सरकणारा भारत

लोणावळ्याजवळच्या नागफणीच्या सुळक्यावर आता लोक फोटो काढायला जातात. मी गेले होते ते भारत जागचा हलला आहे हे सिद्ध करायला. साठचं दशक संपत आलं होतं आणि पुण्यात माझी भूशास्त्रातली पीएच.डी. चालली होती.

विषय सोपा करून सांगते, घाबरू नका. आपला सह्याद्री म्हणजे थरावर थर थिजलेला लाव्हा. लाव्हा गार होताना त्यातले लोहाचे बारीक कण त्या वेळच्या चुंबकीय उत्तर-दक्षिणेला धरून बसतात. ते जमिनीकडे किती कललेत यावरून ती जागा तेव्हा विषुववृत्तापासून किती लांब होती ते कळतं. एकदा बसले की बसले. मग जमीन कुठेही सरको, दगड आपलं मूळ ठिकाण सांगतोच. आपला देश दूर दक्षिणेकडून सरकत आला, आशियाला धडकला आणि त्या धडकेत हिमालय वर आला, हे आज शाळेतली पोरं घडाघडा म्हणतात. तेव्हा आमचे सर म्हणायचे, "भारत काय होडी आहे का हो, वल्हवत यायला?"

पहिल्या खेपेला नागफणीच्या माथ्यावरून आणलेल्या माझ्या बारा दगडांनी प्रयोगशाळेत बारा दिशा दाखवल्या. सर म्हणाले, "अजून एक फेरी करा. परत असंच झालं तर हा विषय बंद. नदीच्या वाळूवर काम करा, निदान पदवी तरी हातात पडेल." तीन वर्षं घातली होती मी त्यात! तोंडावर हो म्हटलं, बाहेर आले आणि त्याच आठवड्यात सामान बांधलं.

मार्गशीर्षातली थंडी होती. सकाळची पॅसेंजर धरली, तिकिटाला दोन रुपयेही पडले नाहीत. देहूरोडला लष्करी डेपोतली मंडळी उतरली तशी खिडकी मिळाली. लोणावळ्यात मावशीकडे मुक्काम होता. "बाईच्या जातीनं दगड फोडत हिंडायचं?" असं म्हणत तिनं रात्री मला गरम वरणभात वाढला आणि सकाळी डबाही भरून दिला. मावशी अशीच होती.

लोणावळ्याहून कुरवंड्यापर्यंत तेव्हा बैलगाडीची वाट होती. चांगली दीड तासाची चाल, उन्हं चढायच्या आत निघावं हे बरं. गावात धोंडूआबा वाट बघत होते. डोंगराच्या कुशीतल्या वाडीवर राहायचे, भाताची दोन खाचरं आणि बाकी मजुरी. मागच्या खेपेला माझे दगड त्यांच्याच पुतण्यानं खाली आणले होते. या वेळी आबा स्वतः आले.

"बाई, येवढे दगड पुण्यात न्हाईत व्हय?" त्यांनी विचारलं.

"आहेत, पण मला इथलेच हवेत."

"मंग न्या. आमाला काय, हितं लय हाईत."

माथ्यावर पोचलो. समोर कोकण उघडं पडलेलं, वारा असा की पदर सावरता सावरता नाकी नऊ. कामाची रीत अशी: दगड फोडण्याआधी त्याच्यावर पाणसळ ठेवून पातळी बघायची, होकायंत्र टेकवायचं आणि पांढऱ्या रंगानं उत्तरेचा बाण काढायचा. मगच छिन्नी. बाण चुकला की दगड फुकट. लोखंड जवळ असलं तर सुई भरकटते, म्हणून हातोडा-छिन्नी वीस पावलं लांब ठेवायची. मी केसांतले आकडेसुद्धा काढून डब्यात टाकत असे. भूत दिसत असेन, पण शास्त्र म्हणजे शास्त्र.

पहिला बाण काढला. खात्री म्हणून होकायंत्र वीतभर सरकवलं, तर सुई कुठल्या कुठे गेली! पुन्हा वीतभर, पुन्हा तेच. मागच्या खेपेला मी प्रत्येक दगडावर ते एकदाच टेकवलं होतं. वळून पाहते तो आबांच्या कमरेला कोयता.

"आबा!" मी ओरडलेच. "तो कोयता घेऊन लांब जा आधी! माझी तीन वर्षं मातीत घालाल!"

आबा पार त्या टोकाच्या झुडपाखाली कोयता ठेवून परत आले. मी होकायंत्र टेकवलं. सुई तशीच भरकटलेली. मी मटकन खालीच बसले. डोळ्यांत पाणी आलं, कशाला लपवू?

आबा शेजारी उकिडवे बसले. "कोयत्याचं न्हाई त्ये, बाई. हितं वीज पडती. वळवाच्या टायमाला ह्या टकुऱ्यावर हमखास. आमी गुरं बी हितं बशिवत न्हाई."

वीज! अहो, पुस्तकात वाचलं होतं मी हे. वीज कोसळली की दगडातून प्रचंड प्रवाह जातो आणि त्यातले कण मूळची दिशा सोडून भलतीकडेच वळतात. परीक्षेत उत्तरही लिहिलं होतं, मार्क मिळवले होते! आणि नमुने घेतले कुठून, तर डोंगराच्या नेमक्या टोकावरून. का? तर कातळ उघडा होता आणि, खरं सांगते, देखावा छान होता.

"मग वीज कुठं पडत नाही?" मी विचारलं.

"खाली वड्यात. चला की."

कोयता घेऊन आबा पुढे आणि मी मागे. गावाखालच्या घळीत ओढ्यानं खरवडून काढलेला काळाभोर, ताजा कातळ होता. कोयता लांब ठेवून होकायंत्र टेकवलं, वीतभर सरकवलं, हातभर सरकवलं. सुई जागची ढळली नाही. मी आबांचे दोन्ही हात धरून हलवले, ते पार ओशाळले. दोन दिवस आम्ही तिथेच खपलो. दुपारी आबांच्या घरून नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी यायची. मावशीचा डबा आबांना आवडला, त्यामुळे अदलाबदल ठरूनच गेली. दहा दगड गोणपाटात बांधून तिसऱ्या दिवशी पुण्याची गाडी पकडली.

प्रयोगशाळेत दहाच्या दहा दगडांनी एकच दिशा दाखवली. आणि कल असा की ही जमीन तेव्हा विषुववृत्ताच्या चांगलीच दक्षिणेला असली पाहिजे. सरांनी मला बाजूला बसवून सगळी मापं स्वतः पुन्हा घेतली. मग चष्मा काढला.

"आलाय खरा वल्हवत," ते म्हणाले. "मग आधीचे बारा का फसले?"

"ते वीज पडते त्या जागेवरचे होते, सर. धोंडूआबांनी सांगितलं."

"कुठल्या कॉलेजात असतात?"

"कुरवंड्याला असतात. भातशेती करतात."

सर हसले नाहीत. कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं. "पूर्ण नाव सांगा. प्रबंधात आलं पाहिजे."

मला ते ठाऊक नव्हतं. ज्या माणसावर मी ओरडले, ज्यानं माझी तीन वर्षं वाचवली, ज्याच्या घरची भाकरी दोन दिवस खाल्ली, त्याचं आडनावही मी विचारलं नव्हतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा तीच पॅसेंजर, पुन्हा तीच वाट. आबा खळ्यावर होते. आधी कोयत्याबद्दल माफी मागितली. त्यांनी हातानंच उडवून लावली. मग नाव विचारलं. त्यांनी स्वतःचं, बापाचं, आडनाव, वाडी, सगळं सावकाश सांगितलं आणि माझं लिहून होईपर्यंत ते थांबले.

"कशाला पायजे?"

"पुस्तकात छापायला."

"मंग नुसतं नाव नका छापू. वीज पडती तितं बसू नगा, ह्ये बी छापा. कुनाच्या तरी कामाला यील."

पुण्याला परतले त्याच संध्याकाळी टेबलाशी बसून नमुन्यांच्या प्रकरणाची सुरुवात नव्यानं लिहिली. पहिल्या वाक्यात आबांचं पूर्ण नाव आहे, दुसऱ्यात त्यांची सूचना. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी नेमकं तेच पान उघडलं आणि विचारलं, "हे गृहस्थ भेटतील का? आमचेही नमुने जुळत नाहीत."