चार वाट्या

विहीणबाईंनी माझ्या हातातलं ओटीचं ताट काढून घेतलं. ओढून नाही. हळूच, हसत. अंगणभर बायकांसमोर.

"ताई, तुम्ही जरा बाजूला व्हा. ओटी लेकुरवाळीनंच भरायची असते. आपल्यात रीत आहे तशी."

आपल्यात म्हणाल्या. त्या आपल्यात मी नव्हते.

ताटातले तांदूळ, नारळ, हळकुंडं, खण, पाच फळं, सगळं मी आणलेलं. दीपाची हिरवी साडी मी आणली. हिरवा चुडा मी आणला. झोपाळ्याला बांधलेला सोनचाफा पहाटे बाजारात जाऊन मी निवडून घेतला. फुलपाड्यात माझं पोळीभाजी केंद्र आहे; यादी केल्याशिवाय मी घरात मीठसुद्धा आणत नाही. या डोहाळजेवणाची यादी महिनाभर आधी तयार होती. एकच गोष्ट तीत लिहायची राहिली होती. मी कुठे उभं राहायचं, ती.

दीपा झोपाळ्यावर बसली होती. सातवा महिना. कपाळावर फुलांचा मुकुट, दंडाला फुलं, मनगटाला फुलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ताट गेल्याचं लागलं नाही तेवढं ते लागलं.

मी बाजूला झाले. अंगणातल्या खांबाला टेकून उभी राहिले. बाजूला व्हायची मला सवयच होती.

मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं टाकलं तेव्हा मी तरुण होते. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. बारशाची बंद झाली. तान्हं घेतलेली बाई समोरून आली की पोरावर पदर ओढायची. माझी नजर लागेल म्हणून. मग फुलपाड्यात चाळीतली एक खोली घेतली. शेजारच्या खोलीत मंगल राहायची. जूचंद्रची. बाप मिठागरात राबून गेलेला. नवरा असून नसल्यासारखा. आम्ही दोघी एकाच कारखान्यात पॅकिंगला जायचो. एकीनं भाजी करायची, एकीनं भाकरी. तिनं कधी पदर ओढला नाही. पहिल्याच दिवशी पोर माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाली, "धर गो हिला, मी पानी भरून येते."

ती पोर म्हणजे दीपा.

मंगलला पुन्हा दिवस राहिले, आणि आठव्या महिन्यात ती गेली. पोटातल्यासकट. नवरा गावाला जाऊन येतो म्हणाला, तो आलाच नाही. दीपाला मी वाढवलं. मावशी म्हणायला शिकवलं. एकदा शाळेतून येऊन तिनं "आई" अशी हाक मारली, तेव्हा मी मंगलचा फोटो दाखवला. आई ही. ती जागा दुसऱ्या कुणाची नाही, माझीसुद्धा नाही.

पण जिथे जाऊ तिथे लोक विचारायचे. शाळेत, दवाखान्यात, लग्न जुळवताना. "सख्खी मावशी का?" मी म्हणायचे, "नाही." आणि एक पाऊल मागे सरायचे.

दीपाच्या सासरचं, उमेळ्याचं हे घर मोठं. अर्धी वाडी बिल्डरला गेली, तिथे टॉवर उभा आहे. उरलेल्या वाडीत बंगला आणि थोड्या केळी. जावई वाईट नाही. आईला विचारल्याशिवाय पायात चप्पल घालत नाही, एवढंच.

ओटी झाली. चुडा भरायला कासारीण पुढे बसली. पहिली बांगडी दीपाच्या हातात चढेना. साबण लावला. चढेना. जोर केला तशी फुटली. दुसरी फुटली. काच रुतली, रक्त आलं.

"माप न बघता आणल्या वाटतं," कुणीतरी म्हणालं.

दीपाची चुलतसासू जोरात म्हणाली, "माप कसलं घेऊन बसलीस? आणल्या कोणी ते बघ. वांझेच्या हातचा चुडा भरतोय होय कधी!"

विहीणबाई म्हणाल्या, "हळू बोला हो, सोयरे आहेत." असं बोलू नका म्हणाल्या नाहीत. हळू बोला म्हणाल्या.

माप चुकलं नव्हतं. लग्नात तिला सव्वादोनच्या बांगड्या सहज गेल्या होत्या. मी अडीचच्या आणल्या होत्या.

मी पुढे झाले. रक्त पुसायच्या निमित्तानं तिचा हात हातात घेतला. मनगटावरची फुलं सरकवली. दोरा मांसात रुतलेला. अंगठ्यानं दाबलं. खळगा पडला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच. महिनाभर मला तिला भेटू दिलं नव्हतं. तिला आराम हवाय, असं सांगायचे. आता जवळून पाहिलं. पापण्या फुगलेल्या. ओठ जाड झालेले. फुलांमुळे लांबून ती छान दिसत होती.

"डोकं दुखतंय?"

"कालपासून," ती पुटपुटली.

"पहिलटकरणीला सूज येतेच," विहीणबाई मध्येच म्हणाल्या. "तुम्हाला कसं ठाऊक असणार? चला गं, वाट्या आणा."

पाटावर दोन वाट्या आल्या, वर झाकण्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा. बायका गोळा झाल्या. दीपानं हात पुढे केला, तो वाट्यांच्या बाजूला पाटावर पडला. पुन्हा उचलला. पुन्हा चुकला.

"कुठली घेऊ?" ती म्हणाली. "चार आहेत."

हशा फुटला.

"अगं बाई, चार! जुळी आहेत गं जुळी!"

"एक पेढा, एक बर्फी! जाऊबाई, पाळणे दोन करा!"

टाळ्या वाजल्या. कुणीतरी गाणं धरलं. दीपा हसायचा प्रयत्न करत होती आणि तिची नजर वाट्यांवर ठरत नव्हती.

हे मी आधी एकदा ऐकलं होतं, मंगल गेली त्या दिवशी. मंगल तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावत होती. म्हणाली होती, "डोल्यांपुढं दोन दिवे दिसतान गो." पाय सुजून गोळा झालेले. चाळीतली म्हातारी म्हणाली, पोटुशीला होतं असं, निजून राहा. ती निजली. मग तिला झटके आले. रिक्षा येईपर्यंत दीपा तिच्या पायाशी बसून होती.

मी दीपाच्या डोक्यावरचा मुकुट काढला. मनगटाचे दोरे दातांनी तोडले.

"ऊठ. हॉस्पिटलात जायचंय."

गाणं थांबलं. विहीणबाई समोर आल्या. आता हसत नव्हत्या.

"पंगत बसायचीय. आमची सून आहे, आमचं आम्ही बघू. तुम्ही हिच्या कोण हो? ना रक्ताच्या, ना गोताच्या."

जावई दारातून म्हणाला, "आई, जेवण झाल्यावर गेलं तर?"

कुणाला विचारत होता, कळलं नाही. मला नक्कीच नाही.

आयुष्यभर मी त्या प्रश्नावर एक पाऊल मागे सरले होते. त्या दिवशी सरले नाही. म्हणाले, "बाजूला व्हा."

"काय म्हणालात?"

"बाजूला व्हा म्हणाले."

दीपानं माझा दंड धरला. "मावशी, मला ने." आणि उभी राहिली.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी प्रेशर घेतलं. पुन्हा घेतलं. मग कुणी आमच्याशी बोलेना, सगळे धावू लागले. झटके येऊ नयेत म्हणून तिला अंधाऱ्या खोलीत ठेवलं. बाहेर विहीणबाई येऊन पोचल्या होत्या. मी तिची आई आहे, मला आत सोडा, असं सांगत होत्या. डॉक्टरीणबाईंनी दीपालाच विचारलं, जवळ कोण हवं. तिनं सुजलेलं बोट माझ्याकडे केलं.

मुलगी झाली. वेळेआधी, मुठीएवढी. बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. दीपा वाचली, पण प्रेशरची गोळी अजून चालू आहे, आणि गल्लीत गाडीचा हॉर्न वाजला की ती पोरीला उचलून आत जाते. हॉस्पिटलातून सुटल्यापासून दोघी माझ्याकडे आहेत. उमेळ्याची गाडी या आठवड्यात दोनदा गल्लीतून हळूहळू गेली. थांबली नाही.

काल निरोप आला. बारसं उमेळ्याला, रविवारी. सकाळी बाळाला न्यायला येतो. दीपाचं नाव निरोपात नव्हतं. शेवटी एवढंच, की तुम्ही येण्याची तसदी घेऊ नये, पाळण्याला लेकुरवाळ्यांचेच हात लागायचे आहेत.

दीपाला मी समोर बसवून विचारलं. जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही. ती म्हणाली, "नाही जायचं. पोरीलाही नाही पाठवायचं." तेवढं पुरे. मी तांदूळ, नारळ, खण काढले आणि तिची ओटी भरली. या हातांनी. मंगलच्या फोटोसमोर. आमची रीत आजपासून ही.

रविवारी ते येतील. माणसं आणतील, आवाज चढवतील. तुम्ही कोण, हेही विचारतील. मी सख्खी नाही. मी आई नाही. मी हिला वाढवलंय, आणि हिच्या लेकीला वाढवणार आहे. दार मी उघडेन. उंबऱ्यात उभी राहीन.

बाजूला होणार नाही.