तांबडीचा खरारा

हां, तर काल शिंकेपाशी थांबलो होतो. ती शिंक आली तेव्हा मी तबेल्यासमोरच्या माझ्या दुकानात खोगीर शिवत बसलो होतो. अशी दणकेबाज, की माझ्या बोटात सुईच घुसली! समोर आमचा मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा गडी, आपल्या लाडक्या घोडीला, तांबडीला, खरारा करत होता. लोखंडी दातांचा तो खरारा पाठीवरून फिरला की केस अन् कोंडा धुरासारखा उडायचा. तांबडी डोळे मिटायची आणि हा तिच्याशी गप्पा छाटायचा. बायकोशी वर्षभरात बोलला नसेल तेवढं एका सकाळी घोडीशी बोलायचा!

शिंका वाढल्या, डोळे लाल झाले, मग छातीत शिट्टी वाजायला लागली. हा आपला म्हणायचा, "गारठा बाधलाय." शेवटी बायकोने ओढतच दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, घोड्याच्या कोंड्याची अॅलर्जी.

"थट्टा करता काय बाई? लहानाचा मोठा झालो मी त्या कोंड्यात!"

"म्हणूनच. शरीराने इतकी वर्षं सोसलं, आता ते नाही म्हणतंय. तबेला सोडा, नाहीतर एखाद दिवशी श्वास सापडायचा नाही."

सोडला बिचाऱ्याने. मीच शब्द टाकून त्याला काचेच्या दुकानात चिकटवला. तिथे धुळीचा कण दिसला तरी मालक दुकान डोक्यावर घ्यायचा. पण रोज सकाळी तांबडी रपेटीला निघायची ती त्याच रस्त्याने. दुकानासमोर आली की कान टवकारून उभी राहायची. नवा मोतद्दार लगाम ओढून थकायचा. आतून हा फडकं घेऊन एकच काच पुसत राहायचा, ती कोपऱ्यावर वळेपर्यंत. तेवढी लख्ख काच अख्ख्या बाजारात नव्हती.

एवढं करून छाती काही सुधारेना. गोळ्या वाढल्या, तोंडात मारायचा पंप आला. "चोरून तबेल्यात जाता का?" डॉक्टरीणबाईंनी दरडावून विचारलं. "पोरांची शपथ, पाऊल टाकलं नाही," हा म्हणाला. आणि ते खरंच होतं.

मग एक दिवस बायको उशीचा अभ्रा बदलायला गेली, तर उशीत काय? तोच खरारा! दातांत तांबडे केस अडकलेले, फडक्यात नीट गुंडाळून ठेवलेला. तशीच ती तो खरारा हातात घेऊन, नवऱ्याला पुढे घालून माझ्या दुकानात आली.

"काका, तुम्हीच सांगा यांना! सवत आणली असती तर निदान झिंज्या तरी उपटल्या असत्या. ही मेली उशीत घुसून बसलीय!"

मी हसून हसून लोळायचा बाकी राहिलो. ती मात्र हसली नाही. "रात्रभर मी यांच्या श्वासाला कान लावून जागी, अन् हे डोक्याखाली दुखणं घेऊन झोपतात."

हा मान खाली घालून पुटपुटला, "त्याच्याशिवाय झोपच येत नाही गं."

"आत्ता घरी जाते अन् उकळत्या पाण्यात घालते."

"धू नकोस!" असा काही ओरडला, की माझं हसू तिथल्या तिथे विरलं. बायको त्याच्याकडे बघतच राहिली. मग खरारा पदराखाली घेऊन निघून गेली.

तिने तो धुतला नाही. काचेच्या बरणीत घातला, झाकण आपल्या हाताने आवळलं, वर चिकटपट्टी फिरवली आणि बरणी फळीवर ठेवली. हळूहळू छातीतली शिट्टी थांबली.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. बायको आत चहा टाकत होती. बरणी तिथेच होती, तांबडे केस बाहेरून दिसत होते. चिकटपट्टी मात्र एका बाजूने सुटलेली. मी हळूच विचारलं, "खरं सांग लेका, बाईसाहेबांची पाठ वळली की उघडतोस ना?"

त्याने बरणी उतरवली, सदऱ्याच्या बाहीने पुसली, उजेडात धरून बघितली आणि म्हणाला, "नाही हो काका. उघडली की वास उडून जाईल ना."