नानांचा अंगठा

सावंत नाना प्रत्येक वस्तूच्या कडेवरून अंगठा फिरवत. दाराची कडी असो वा नव्या डब्याचे झाकण. मग मान हलवून म्हणत, "डोळा फसतो. हाताला कळतं." माजिवड्याच्या एका कंपनीत तीस वर्षे फिटर असलेले हे गृहस्थ डोंबिवलीत आमच्या खालच्या मजल्यावर राहत.

नोकरी सोडून मी दंतवैद्यकाला उशिराच प्रवेश घेतला. वर्गातल्या मुलांहून सात वर्षांनी मोठी. शेवटच्या परीक्षेत पूर्ण कवळी करून दाखवण्यासाठी ज्याने त्याने आपला रुग्ण आणायचा असतो. कोणापुढे शब्द टाकणे मला जमत नसे. त्यापायी एकदा परीक्षा हुकलीही होती. जिन्यात माझा उतरलेला चेहरा पाहून नानांनीच कारण विचारले आणि बोळके पसरून हसले. "अगं, एवढंच ना? माझं तोंड रिकामंच आहे. घे वापरायला!"

मापे देण्यासाठी त्यांनी माझ्याबरोबर ठाण्याला माझ्या कॉलेजात सहा खेपा घातल्या. परीक्षेच्या दिवशी तयार कवळी हातात दिली, तेव्हा सवयीने त्यांचा अंगठा कडेवरून फिरला आणि खालच्या डाव्या बाजूला क्षणभर थांबला. मी ते पाहिले. पण परीक्षक जवळ उभे होते. मला विचारायचा धीर झाला नाही.

"आजोबा, कुठे टोचतंय का?" परीक्षकांनी विचारले.

"छे हो! लोण्यासारखी बसलीय."

मी उत्तीर्ण झाले. पुढे जिन्यात भेटले की नाना म्हणत, "डॉक्टरीणबाई, काल चकली खाल्ली!" टोचते का, हे न विचारताच मी हसून पुढे जाई. खरे उत्तर ऐकण्याची मला भीती वाटे.

गेल्या श्रावणात एका सकाळी त्यांचा मुलगा दारात आला. "ताई, नाना गेले. तेवढी कवळी बसवून द्याल? तिच्याशिवाय चेहरा त्यांचा वाटत नाही."

डबीतून कवळी काढताना माझा अंगठा नकळत कडेवरून फिरला. खालच्या डाव्या बाजूला कानशीच्या अगदी बारीक रेघा होत्या. वरून काचकागद फिरवून ती जागा गुळगुळीत केलेली.

"परीक्षेनंतर आठवडाभर घासत बसायचे," मुलगा म्हणाला. "मी म्हटलं, ताईंना दाखवा की. तर म्हणाले, 'पोरीचं काम चोख आहे रे, माझं हाडच वाकडं.'"

कवळी अलगद बसली. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि विचारले, "नाना, टोचत नाही ना?"