टोचणदादांचे राखणदार

सुई टोचण्याआधी पोरांची समजूत घालणारा सरकारी माणूस मी एकच पाहिला. आमच्या शेजारचे टोचणदादा. सत्तरच्या दशकात शेलूबाजारच्या आसपास ते सायकलवरून देवीची लस टोचत हिंडायचे. "भेतं काहून वं? तुया रगतात राखणदार हायेत. त्याईले फक्त चोराचं तोंड दाखवून ठेवतो," म्हणायचे. मी रडायचं विसरून दंडाकडे बघत बसायचे.

मी नववीत असताना त्यांचा एक डोळा अंधुक झाला, महिनाभरात बराही झाला. मग पाय बधिर झाले, सायकल सुटली. त्यांच्या आईने, भागाआजीने, वात ठरवून शेक सुरू केला. निर्गुडीचा पाला घातलेलं कढत पाणी, वर फडक्यात गुंडाळलेल्या तापल्या विटा. पाणी तापवायचं काम माझं. अंघोळीनंतर दादांना उभंच राहता यायचं नाही, नजरेपुढे धुकं यायचं. "वात निघून राह्यला," म्हणत आजी आणखी एक हंडा चढवायला लावायची. दादा मला हळूच म्हणायचे, "पोरी, पाणी थंड होऊ दे ना वं थोडं." एवढा धीराचा माणूस चटक्याला भितो, याचं मला हसू यायचं. मी जाळ वाढवायचे.

शेवटी त्यांना नागपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, मल्टिपल स्क्लेरोसिस. रक्तातल्या राखणदार पेशीच मेंदूत शिरून नसांवरचं आवरण कुरतडतात, आणि उष्णतेने अशा नसा आणखी ढिल्या पडतात. शेक बंद करा. इंटरफेरॉन नावाचं औषध परदेशात नुकतं करून पाहताहेत, आपल्याकडे यायला वर्षं लागतील. दादा घरी आल्यावर हसले. "जलमभर ज्याईची तारीफ केली, तेच घर फोडून राह्यले!"

भागाआजी चुलीपुढे बसून ऊर बडवून रडली. "माय, तुले काय ठाव होतं?" म्हणत दादाच तिला समजावत होते. मला ते काही बोलले नाहीत. मीच त्यांच्यासमोर जायचं टाळू लागले. मी अकोल्याला प्रयोगशाळेचा कोर्स करत असताना ते गेले. त्यांची माफी मागायची राहून गेली.

पुढे वाशिमला रक्त तपासण्यात माझा जन्म गेला. इंटरफेरॉन आलं. ते त्या पेशींना मेंदूच्या उंबरठ्यावरच अडवतं. पण त्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून त्या मोजत राहाव्या लागतात. एकदा हेच औषध घेणारी एक तरुण मुलगी आली. तिच्या आईने विचारलं, "बाई, इच्या पायाले गरम पान्याचा शेक देऊ काय?"

"नाही!" मी एवढ्या जोरात ओरडले की ती बिचारी दचकली. मग मी तिचा हात धरला.

"पाणी थंड होऊ द्या हो," मी म्हटलं. तीस वर्षं उशिरा.