कापलेला ताणा

देवावर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण तो पाहुण्यासारखा होता. सणावारी यायचा, जेवायचा आणि जायचा. माझं खरं लक्ष होतं नागपूरच्या इतवारीत स्वतःचं दुकान असावं, दुकानावर पाटी असावी आणि पाटीवर आपलं नाव असावं, याकडे. मी मूळचा विणकराच्या घरचा. सक्करदऱ्याच्या बाजूला आमचं दोन खोल्यांचं घर, आणि पुढच्या खोलीत आईच्या वेळचा हातमाग. मी विसाव्या वर्षी त्या मागावरून उठलो, गठ्ठे डोक्यावर घेऊन दुकानादुकानांत फिरलो आणि पुढे खरोखरच पाटीवर नाव लागलं. नायलॉनच्या साड्या नव्याने आल्या होत्या आणि बायकांना त्यांचं भारी वेड. सुती लुगडी विणणारे आमचे भाऊबंद डोक्याला हात लावून बसले होते आणि मी गादीवर बसून नायलॉन विकत होतो. मला त्याची लाज वाटत नव्हती, हेही इथे कबूल करतो.

आमच्या घरात एक कुळाचार होता. खाप्याला कन्हान नदीच्या काठी आमची देवी आहे. दर नवरात्रात अष्टमीला घरच्या मागावर विणलेलं लुगडं तिला नेसवायचं. त्यात एक नेम होता. विणकराचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपत आला की तो पुरता काढत नाहीत. वीतभर शेपूट ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्या शेपटाच्या एकेका धाग्याला पीळ देऊन सांधतात. हजार-दीड हजार धागे असतात. देवीच्या लुगड्याचा ताणा आमच्या घरात असा कधीच तुटला नव्हता. आजीच्या शेपटाला आईने सांधला, आईच्या शेपटाला माझ्या बायकोने, अनसूयेने. मी दुकानात गेल्यावर घरात माग चालवणारी तीच उरली. आम्हाला मूलबाळ नव्हतं. ती सांधायला बसली की एकेका धाग्याला देवीचं नाव घ्यायची, आणि मी गंमत करायचो की एवढ्या वेळात माझ्या दुकानात चार गिऱ्हाइकं होऊन जातात. ती हसायची. धागा मात्र सोडायची नाही.

त्या वर्षी पोळ्यानंतर तिचा खोकला वाढला आणि थुंकीत रक्त दिसलं. दवाखान्यात दाखल करावं लागलं. दोन्ही फुप्फुसं गेली आहेत, उशीर झाला, असं डॉक्टरांनी मला व्हरांड्यात सांगितलं. मागावर तेव्हा देवीचं हिरवं लुगडं होतं. अठरा हातांपैकी चार हात तिने विणले होते. तिची बहीण भागीरथा तिच्याजवळ राहायला आली आणि मी दुकान ते दवाखाना अशा चकरा मारू लागलो.

आता जे सांगायचं आहे ते लिहिताना अजून हात जड होतो. दिवाळीचा माल यायला लागला होता आणि दुकानात जागा नव्हती. घरची पुढची खोली मागाने अडवलेली. अनसूया परत येणार नाही, हे मी मनात धरून चाललो होतो, आणि त्या विचाराचं मला दुःख होतं तसंच, देव क्षमा करो, थोडं मोकळंही वाटत होतं. एका दुपारी मी कात्री घेतली आणि ताणा मागच्या बाजूने सरळ कापला. मागे उरलेल्या धाग्यांचा गुंता झाला, तो उकिरड्यावर टाकला. चार हात कापड, फणी आणि तिच्यात अडकलेली धाग्यांची शेपटं यांची एक वळकटी केली आणि मागाच्या लाकडासोबत भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवली. संध्याकाळपर्यंत खोलीत नायलॉनचे गठ्ठे रचून झाले.

अनसूया रोज विचारायची, "ताण्याले खळ लावून कुंचा फिरवला ना? सुकला त तुटन तो." मी म्हणायचो, आजच फिरवला. ती विचारायची, "उदबत्ती लावता ना मागाजवळ?" मी म्हणायचो, लावतो. सात-आठ दिवस असं चाललं. मग एके दिवशी, घटस्थापना दोन दिवसांवर असताना, ती माझा हात धरून म्हणाली, "अष्टमीले लुगडं गेलं पाह्यजे. मी त आता उठत नाही. तुमी विणा. तुमचे हात इसरले नसन." मी हो म्हणालो आणि बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसलो. इतकी वर्षं गिऱ्हाइकांशी गोड बोलून मी माणूस झालो होतो, आणि माझ्याजवळ तिला द्यायला एक खरा शब्द उरला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी देवीला काही मागितलं नाही, फक्त म्हणालो की मी हे केलं आहे.

भंगारवाल्याकडे गेलो तर तो हसला. म्हणाला, "तुमचा माग? तो त त्याच दिवशी रस्त्यातच गेला. खाप्याचा एक बुढा होता, डोयानं दिसत नाही त्याले. लाकडाले हात लावला अन् अडूनच बसला." खाप्याचा म्हटल्यावर मला देवी आठवली. पण एका गावात काय थोडे म्हातारे असतात, असं मी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने निघालो. कोराडीच्या चिमण्यांचा धूर खिडकीतून मागे गेला, सावनेर गेलं, आणि आईचं बोट धरून ज्या वाटेने मी देवीला जायचो त्या वाटेला मी बऱ्याच वर्षांनी लागलो.

म्हाताऱ्याचं नाव डोमाजी. विणकरांच्या आळीत त्याचं घर सापडायला वेळ लागला नाही. माझा माग त्याच्या ओसरीत उभा होता आणि ती वळकटी देव्हाऱ्याजवळ आढ्याला टांगलेली होती, जशी दिली तशीच. मी कोण ते सांगितलं. कात्री मीच चालवली, हेही सांगितलं. तो चाचपत मागाजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "नागपूरले डोये दाखवाले गेलो होतो. डॉक्टरनं सांगतलं, आता काही होत नाही. मी रडत रडत बस-अड्ड्यावर येऊन राहिलो होतो गा. हातगाडीचा धक्का लागला म्हणून हात पुढं केला, त हाताले हे कापड लागलं. बोटानं पाह्यलं त काठाले हयदीच्या धाग्याची जाडी सरी. देवीचं लुगडं अर्धं सोडून कोण फेकन? म्हटलं, कोणावर तरी वखत आली असन. घेऊन आलो. डोयानं पाह्यलं असतं त लाकूडच दिसलं असतं."

देवीचं लुगडं हळदीच्या जाड धाग्याने सुरू करण्याची रीत मी विसरून गेलो होतो. मागाबद्दल काय द्यायचं ते विचारलं तर त्याने हाताने उडवून लावलं. "इथंच बसून विण. आमी सांधून देतो." पण ताणा कुठून आणायचा? हिरवं सूत रंगवून, खळ देऊन तयार होईपर्यंत अष्टमी उलटून गेली असती. डोमाजीने स्वतःच्या घरासाठी तयार केलेला ताणा पुढे ओढला. तो लाल होता. मी म्हणालो की चार हात हिरवं आणि पुढे लाल, मधोमध गाठी, जोडलेलं वस्त्र देवीला कसं चालेल. त्यावर चुलीपाशी बसलेली त्याची म्हातारी म्हणाली, "शिवलेलं चालत नाही बाप्पा. सांधलेलं काहून नाही चालत? सांधल्याबिगर कोणतं लुगडं होते?"

दिवसभर आम्ही तिघं सांधत बसलो. डोमाजीची बोटं आंधळ्या माणसाची असूनही माझ्या तिप्पट वेगाने चालत. हिरवं टोक, लाल टोक, एक पीळ, तो घट्ट बसायला थोडी राख, पुढचं. मला सुरुवातीला जमेना, धागा बोटांतून सुटे. दुकानातल्या गादीने बोटं मऊ करून टाकली होती. मग कधीतरी माझ्याही तोंडात देवीचं नाव आलं. भक्तीने आलं असं म्हणण्याची माझी हिंमत नाही. अनसूया तसं करायची म्हणून आलं.

संध्याकाळी दवाखान्यात पोचलो. तिच्या उशाशी वाकलो तर तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "आज तुमच्या अंगाले खळीचा वास आहे."

मी तिथेच सगळं सांगून टाकलं. कात्री, हातगाडी, खोलीतले गठ्ठे, सगळं. भागीरथा तोंडाला पदर लावून बाहेर गेली. अनसूया शांतपणे ऐकत राहिली आणि म्हणाली, "मले मालूम होतं. रोज म्हणता खळ लावली, अन् अंगाले वास नायलॉनचा."

"मग बोलली काहून नाही?"

"बोलली असती त तुमी अजून एक खोटं बोलले असते." तिला धाप लागली. थांबून म्हणाली, "मी देवीले सांगून ठेवलं होतं. म्हटलं, मायाच्यानं आता होत नाही. आता तूच पाह्य."

मी मोठ्याने रडलो. आजूबाजूच्या खाटांवरचे लोक पाहत होते.

दुसऱ्या दिवसापासून दुकानाला कुलूप लावलं. ऐन नवरात्रात, कमाईच्या दिवसांत. शेजारचे दुकानदार मला वेड लागलं म्हणाले. मी सकाळच्या एसटीने खाप्याला जायचो, अंधार पडेपर्यंत दोन हात, फार तर अडीच हात विणायचो आणि परत यायचो. आडवा धागा नेणारा धोटा हातातून पडायचा, धागे तुटायचे, डोमाजी आतून नुसत्या आवाजावरून चूक सांगायचा. रोज अनसूया माझा हात नाकाजवळ न्यायची आणि सोडायची. तिचं बोलणं थांबलं होतं. ती बरी व्हावी असा नवस मी केला नाही. खरं सांगायचं तर तशी हिंमतच झाली नाही. एवढंच वाटत होतं की ती असेपर्यंत लुगडं देवीला पोचावं, कारण ती गेली की मला सुतक लागणार आणि मी देवीच्या पायरीलाही शिवू शकणार नव्हतो.

सप्तमीला दुपारी अठरावा हात पुरा झाला. दवाखान्यात देवीचं वस्त्र नेऊ नये म्हणून ते डोमाजीकडेच ठेवलं. अष्टमीला मी पहिल्या एसटीने यायचं आणि दुपारच्या आरतीला नेसवायचं, असं ठरलं. सांधताना वाढलेली टोकं, हिरव्याला लाल धाग्याचा पीळ दिलेली, मी खिशात घालून आणली आणि अनसूयेच्या मुठीत ठेवली. तिने ती अंगठ्याने चोळून पाहिली. पीळ लागला तसा अंगठा थांबला. मग मूठ मिटली. अष्टमीच्या सकाळी मी निघायची तयारी करत असतानाच ती गेली. मूठ आम्ही उघडली नाही.

मला सुतक लागलं. शेवटी मी पोचलो नाहीच, एवढाच विचार घेऊन मी ते दिवस काढले. घरात सगळीकडे गठ्ठे होते आणि तिचा फोटो टेकवायला जागा नव्हती. तेरावं झाल्यावर खाप्याला गेलो. डोमाजीची माफी मागू लागलो तर तो म्हणाला, "लुगडं त अष्टमीच्या सकायीच नेसवलं गा. तू दुपारी म्हटलं होतं, पण बुढी उजाडताच उठून बसली अन् म्हणे, आत्ताच न्या. काहून म्हणते, ते तिलेही सांगता येईना. तुया नावानं नेसवलं." उजाडताना म्हणजे किती वाजता, हे मी विचारलं नाही. आजतागायत विचारलेलं नाही. म्हातारी मात्र आपणहून म्हणाली, "सांधा नेमका देवीच्या खांद्यावर आला. हिरवं पाठीकडं, लाल पुढं. लय गोड दिसत होती." मी देवळात गेलो. लुगडं अजून अंगावर होतं. मी लांबून पाहिलं आणि पायरीवर डोकं ठेवलं.

दुकान मी पुढच्या वर्षी सोडलं. पाटी कोणी उतरवली ते पाहायलाही गेलो नाही. माग परत पुढच्या खोलीत आला. लोकांना वाटतं, बायको गेल्याने माणूस खचला. खचलो होतोच. संध्याकाळी अजून घर खायला उठतं, तिच्या खोकल्याची सुद्धा आठवण येते, आणि कात्री हातात घेतली की मान खाली जाते. पण जी कमाई माझी म्हणून मी छातीशी धरली होती तिच्यातलं काही तिला पोचलं नाही. पोचलं ते एका न दिसणाऱ्या माणसाच्या ताण्याने आणि एका म्हातारीच्या सांगण्याने, आणि त्यात माझं काही नव्हतं. त्या दोघांचे उपकार मी कोणत्या जन्मी फेडू? डोमाजी आता नाही. त्याचा लाल धागा मात्र माझ्या मागावर आहे.

दरवर्षी लुगडं पुरं झालं की मी वीतभर शेपूट सोडतो. माझ्यामागे त्याला कोण सांधणार, मला माहीत नाही. आमच्या घरात पुढे कोणी नाही. पूर्वीचा मी असतो तर या विचाराने झोपलो नसतो. आता शेपटाला हळद लावतो, उदबत्ती ओवाळतो आणि अनसूयेने सांगितलं होतं तेवढंच देवीला सांगतो. आता तूच पाह्य.