दाराच्या फळीचा पंखा

नव्या घराच्या दारासाठी वडिलांनी सागाची एक जाड फळी चार वर्षं माळ्यावर वाळत ठेवली होती. तिचा विमानाचा पंखा झाला, तो माझ्यामुळे.

मी तेव्हा पुण्याला इंटर सायन्सला होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सुट्टीत शिंदखेड्याजवळच्या गावी आलो की लोक मला काहीही विचारत, आणि 'माहीत नाही' म्हणायचा मला धीर होत नसे. धुळ्याच्या एका कापसाच्या जिनात इंजिनं सांभाळणारा गावचाच मिस्त्री एका इंग्रजी मासिकातली चित्रं पाहून विमान बांधत होता. बांबू, मांजरपाट आणि जुन्या मोटारसायकलचं इंजिन. पंख्याची लांबी सांगणारं पान मात्र वाळवीने खाल्लेलं. म्हणून तो माझ्याकडे आला.

पंखा लांब असेल तर ओढ जास्त, एवढं मला समजलं होतं. विमान मिस्त्रीच्या अंगणात उभं होतं. नाकावर पंखा बसायचा त्या दांड्यापासून मी जमीन मोजली, खाली एक वीत मोकळी सोडली आणि सहा फूट सांगितले.

वडिलांनी विचारलं, "नक्की का?"

मी मान हलवली. त्यांनी त्याच दुपारी फळी खाली काढली. "मना पोऱ्यानी हिशोब करेल शे," ते सुतारआबांना म्हणाले. आबांनी पंधरा दिवस तासून पंखा घडवला.

उडवायच्या दिवशी सकाळी कपाशी निघालेल्या शेतात अर्धं गाव जमलं. वडिलांनीच सगळ्यांना बोलावलं होतं. बांधाजवळ एक बैलगाडी जू टेकून उभी होती. कोणीतरी बैल जोडले, तसं जू वर गेलं आणि गाडीचा मागचा भाग खाली आला. ते पाहून मी विमानाकडे वळलो. विमानही शेपूट टेकून बसलेलं होतं. मासिकातल्या धावत्या विमानाचं शेपूट वर होतं. शेपूट वर गेलं की नाक खाली येणार, मग माझी वीत कुठे राहणार?

मिस्त्री आत बसला होता. मी जवळ गेलो.

"मिस्त्री, शेपूट जरा उचलून पाहू या का?"

"काब्र?"

"असंच."

चौघांनी शेपूट उचलून बाजेवर टेकवलं. आबांनी पंखा हाताने फिरवला. खालचं टोक ढेकळात रुतलं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, विमान उडावानं शे का वावर नांगरानं शे?"

लोक हसले. वडील हसले नाहीत.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "बसलेल्या विमानाचं माप घेतलं. मला यातलं फारसं माहीत नाही."

वडिलांनी ढेकळात रुतलेलं टोक वाकून पाहिलं. मग म्हणाले, "आबा, करवत आना."

"नाना, दारनी फळी शे ती."

"दार थांबी. मिस्त्रीले दोन पोरी शेतस."

आबांनी दोन्ही टोकं अर्धा-अर्धा फूट कापली आणि पंखा मधोमध खिळ्यावर तोलून पाहिला. मग विमान पळालं. शेपूट वर गेलं, पंखा मातीला न लागता फिरत राहिला आणि विमान पार पलीकडच्या बांधापर्यंत जाऊन थांबलं. उडालं मात्र नाही. मिस्त्री खाली उतरून म्हणाला, बैलगाडीपेक्षा जोरात गेलं, आणि तो खरंच खूश होता.

घरी आईने विचारलं, "उडनं का?"

"नही," वडील म्हणाले. "पन तुना पोऱ्यानी येळवर सांगं."

त्यांनी कापलेले दोन्ही तुकडे तिच्यापुढे ठेवले. त्यातल्या एकाने ती पुढे कितीतरी वर्षं पिठलं हलवत होती. त्याला पीळ आहे म्हणून गुठळ्या होत नाहीत, असं तिचं म्हणणं.

पुढच्या सुट्टीत दारासाठी दुसरी फळी आली. मी फूटपट्टी घेऊन उठलो, तर वडिलांनी ती माझ्या हातातून काढून आबांना दिली.

"माप आबा लेतीन," ते म्हणाले. "तू उघडं दार आनि लायेल दार, दोन्ही पाही ले."