थारोळ्यावरचं ऊन

सूर्य पूर्वेला उगवतो, हे शाळेत शिकवतात. तो आधी कुणाच्या रानात उगवतो आणि त्याचा फायदा कोण उठवतो, हे शिकवत नाहीत. ते मला आत्याच्या कांद्यात उभं राहून कळलं.

दोन हजार सालानंतरची, भारनियमनाची वर्षं. जुन्नर-आंबेगावात मी गावोगाव पत्रकं वाटत फिरायचो. धरणं आमच्याकडं आणि पाणी खालच्या तालुक्यांना, हा आमचा विषय. आत्याचं रान कालव्याच्या वरच्या अंगाला. येडगाव धरणाचं पाणी तिला लांबून दिसायचं, मिळायचं नाही. सगळी मदार एका विहिरीवर, आणि विहीर दिराशी सामाईक. मोटरही सामाईक. आत्याचा नवरा वारला त्यानंतरच्या गुढीपाडव्याला दोघांत पाळ्या ठरल्या. एकटी बाई रात्री दारं धरायला, वाफ्यांना पाणी द्यायला, कशी जाणार, म्हणून रात्र दिराची, दिवस तिचा. दिवस सुरू कधी झाला म्हणायचा? थारोळ्यावर ऊन पडलं की. थारोळं म्हणजे मोटेचं पाणी जिथं ओतलं जायचं ती दगडी कुंडी. मोट गेली, कुंडी विहिरीच्या काठावर राहिली. घड्याळं पुढंमागं होतात, ऊन खोटं बोलत नाही, असं तेव्हा दोघांनाही वाटलं. म्हणजे आत्याला तरी वाटलं. दिराचं मी सांगू शकत नाही.

पौषात मी पुण्याहून येऊन तिच्याकडं मुक्कामाला होतो. सकाळी बाहेर आलो तर सगळ्या माळावर ऊन पसरलेलं. आत्या पदर डोक्यावरून घट्ट ओढून बांधावर उभी. कांदा नेमका फुगवणीला आलेला, वाफे भेगाळलेले, आणि पाइपाच्या तोंडाला थेंब नाही. खाली, पूर्वेच्या डोंगराच्या पायथ्याशी, विहीर अजून काळ्या सावलीत होती. मोटरचा आवाज येत होता. पाणी दिराच्या गव्हात चाललं होतं.

मी खाली गेलो. आत्याचा दीर, ज्याला मी मामा म्हणायचो, थारोळ्याला टेकून तंबाखू मळत होता.

"मामा, दिवस उगवला की."

"कुठं?"

"वर. आत्याच्या रानात."

"मंग वर उगवला आसंल. हितं न्हाई उगवला." त्यानं थारोळ्यावर हात फिरवून दाखवला. "बघा हात लावून, पावणं. गारठलंय."

"तवर तुमचा गहू भिजतोय."

"आमी काय डोंगर आणून ठेवला का हितं?"

ऊन थारोळ्यावर आलं तेव्हा वर आत्याची भाकरी-कालवण सगळं उरकलेलं होतं. दुपारी लाईट गेली. तिचे वाफे अर्धेसुद्धा भिजले नाहीत. फुगवणीत पाणी तुटलं की कांदा गोटीएवढा राहतो. वर्षाचं तिचं पीक तेवढंच.

मी दोन-तीन सकाळी नुसता डोंगर बघत बसलो. त्याच्या दक्षिण टोकाला उंच सुळका आहे आणि उत्तरेला खिंड. थंडीत सूर्य दक्षिणेला सरकतो, म्हणजे विहिरीवरून बघितलं तर नेमका सुळक्यामागं. आत्याचं रान डोंगरापासून लांब आणि चढावर, तिथून सुळका बुटका दिसतो, म्हणून तिला ऊन लवकर. पाडव्याला मात्र सूर्य खिंडीपाशी आलेला असतो. तेव्हा विहिरीलाही ऊन वेळेवर मिळतं. पाळ्या ठरल्या त्या पाडव्याला. जन्मभर त्या विहिरीवर काढलेल्या माणसाला पौषातली सावली ठाऊक नव्हती, हे मला पटवून सांगा.

'ऊन कुणाच्या बापाचं?' असं पत्रक मी मनात लिहूनही टाकलं होतं. आत्या म्हणाली, "गावभर वाटू नको रं. त्याच्याशीच बोल."

बोललो. चांगलं तोंड सोडून बोललो. मामानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं, थारोळं ऱ्हाऊ द्या. वहिनीच्या उंबऱ्यावर ऊन आलं की मोटर तुमची. बाराही महिनं. झालं?"

आत्याचा चेहरा उजळला. मला मात्र शंका आली. इतक्या सहज? हा माणूस तंबाखूची चिमूट देताना दोनदा विचार करतो.

घरी येऊन मी उंबऱ्यावर उभा राहिलो. दार आग्नेयेकडं तोंड करून, वर पडवीचं पत्र्याचं छप्पर पुढं आलेलं.

"आत्या, वैशाखात हितं ऊन कधी येतं?"

"वैशाखात?" ती हसली. "वैशाखात सकाळची मी हितंच बसते की, सावलीला. ऊन येतंय लई उशिरा."

मग तिचं हसू थांबलं. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेला जातो, तिच्या दाराला पाठ दाखवून. विहिरीला ऊन लवकर, उंबऱ्याला उशिरा. म्हणजे थंडीत सोडलेलं पाणी मामा उन्हाळ्यात, विहीर तळाला गेल्यावर, दामदुपटीनं काढून घेणार.

संध्याकाळी आत्या स्वतः माझ्याबरोबर विहिरीवर आली. "भावजी," ती म्हणाली, "तुमचं थारोळं नको आन् माझा उंबराबी नको." तिनं पश्चिमेकडं बोट केलं, पलीकडच्या डोंगराच्या कड्याकडं. उगवतीचं पहिलं ऊन बाराही महिने तिथंच पडतं, उगवतीकडं तोंड करून असलेल्या त्या उंच कड्यावर. तो विहिरीवरून दिसतो, माळावरूनही दिसतो. "त्यो लाल झाला की मोटर माझी."

"आन् धुकं आलं मंग?"

"धुकं आलं तर कडा दिसला की मी वरच्या रानातनं हाळी देईन. तुमाला आधी दिसला तर तुमी द्या खालनं. दोघांलाबी दिसंना तवर मोटर तुमची."

मामानं कड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ह्ये पावण्यानं शिकवलं."

"न्हाई," आत्या म्हणाली. "पावण्यानं नुस्तं वैशाखाचं इचारलं."

दुसऱ्या दिवशी कडा लाल झाला, खाली मोटरचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला, आणि थोड्या वेळानं आत्याच्या पाइपानं हवा ओकत पाणी टाकलं. ती अनवाणी वाफ्यात उतरली. मी विहिरीवर गेलो. मामा व्हॉल्व्हपाशी हात पुसत होता.

"कांदा भिजला की पावणं. आता जाणार का न्हाई पुण्याला?"

"जाईन," मी म्हणालो. "वैशाख बघून."